शिब्बोलेथ : एका कणसाची कहाणी

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या दिवसांत एके दुपारीं दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी इंग्रजी वर्तमानपत्राचें कात्रण घेऊन आमच्याकडे आला. अग्रलेखांतील एका शब्दाखालीं त्यानें पेन्सिलीनें रेघ ओढली होती. शब्द होता 'शिब्बोलेथ'. त्याच्याजवळच्या लहान कोशांत 'एखाद्या पक्षाचें घोषवाक्य' एवढाच अर्थ दिला होता व तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नव्हतें. "सर, हा शब्द इंग्रजी वाटत नाहीं आणि लॅटिनही वाटत नाहीं. हा आला कोठून?" असें त्यानें विचारलें. इतक्यांत पुढच्या तासाची घंटा झाली. म्हणून "पुढें केव्हां तरी सांगूं," असें म्हणून आम्हीं त्याची बोळवण केली. प्रश्न मात्र आमच्या मनांतून गेला नाहीं. तें राहिलेलें देणें या वार्षिक अंकाच्या निमित्तानें फेडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शब्दांनाही माणसांप्रमाणें कुळ आणि गांव असतें. इंग्रजींतील बहुतेक शब्दांचें कुळ शोधूं लागल्यास तें जर्मन वंशाच्या जुन्या बोलींत, नाहीं तर फ्रेंच, लॅटिन किंवा ग्रीक या भाषांत सांपडतें. शिब्बोलेथ यांपैकीं कोणत्याच घरचा नाहीं. आमेन, हालेलूया, करूब या शब्दांप्रमाणें तो इब्री भाषेंतून पवित्र शास्त्राच्या द्वारें इंग्रजींत आला. परंतु आमेन प्रार्थनेच्या शेवटीं येतो आणि हालेलूया गायनांत येतो. शिब्बोलेथ मात्र आला तो रक्तानें माखलेला आला. त्याची हकीकत पवित्र शास्त्रांतील 'शास्ते' नामक ग्रंथाच्या बाराव्या अध्यायांत अवघ्या सहा वचनांत दिली आहे. ती आमच्या शब्दांत थोडक्यांत सांगतों.

इस्राएल लोकांत त्या काळीं राजा नव्हता. संकटसमयीं जो पुढारी उभा राही त्यास शास्ता म्हणत. यार्देन नदीच्या पूर्वेस गिलाद नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील इफ्ताह नांवाच्या वीरास त्याच्या सावत्र भावांनीं घरांतून हांकून दिलें होतें. पुढें अम्मोनी लोक चालून आले, तेव्हां गिलादाच्या वडील मंडळीनें त्याची मनधरणी करून त्यास परत आणिलें व त्यानें अम्मोन्यांचा मोड केला. विजय होतांच एफ्राईम वंशाचे लोक नदी ओलांडून रागानें त्याच्याकडे आले. आपणांस या लढाईस बोलाविलें नाहीं हा त्यांचा राग होता. त्यांनीं इफ्ताहाचें घर त्याच्यासकट जाळून टाकण्याची धमकी दिली. शिवाय गिलादी म्हणजे आपल्यांतून पळालेले लोक, असें म्हणून ते त्यांना हिणवीत. शब्दानें शब्द वाढला व युद्ध झालें. त्यांत एफ्राईमी हरले आणि आपल्या मुलुखाकडे पळत सुटले.

घरीं जावयाचें तर यार्देन ओलांडणें भाग होतें. नदी पायीं ओलांडण्याच्या ज्या उथळ जागा असतात त्यांना उतार म्हणतात. गिलाद्यांनीं ते उतार आधींच रोखून धरिले होते. कोणी पळून आलेला मनुष्य पलीकडे जाऊं द्या म्हणाला, कीं तो एफ्राईमी आहे काय, असें त्यास विचारीत. अर्थात् तो नाहीं म्हणे. वेष सारखा, चेहरा सारखा, देव एक, भाषाही एक. मग शत्रु ओळखावा कशावरून? तेव्हां त्याला एकच शब्द उच्चारावयास सांगत : शिब्बोलेथ. एफ्राईमाच्या बोलींत हा उच्चार नव्हता. तो मनुष्य सिब्बोलेथ म्हणे. आणि त्या एका अक्षरावरून त्यास धरून तेथेंच उतारावर ठार करीत. त्या समयीं एफ्राईमाचे बेचाळीस हजार लोक पडले, असें शास्त्रांत नमूद आहे.

आतां ज्या शब्दावर इतकीं माणसें मेलीं, त्याचा अर्थ तरी काय? तो कांहीं देवाचें नांव नव्हता कीं राजाची पदवी नव्हता. शिब्बोलेथ म्हणजे धान्याचें कणीस. इब्री भाषेंत त्याचा दुसरा अर्थ पाण्याचा लोंढा असाही आहे, आणि नदीकांठच्या प्रसंगास तोही शोभतो. परंतु नेहमींचा अर्थ कणीस हाच. शेतकऱ्याच्या घरांतील दोन वर्षांच्या मुलासही ठाऊक असणारा हा शब्द आहे.

हाच शब्द शास्त्रांत आणखी कोठें येतो तें पाहिलें म्हणजे या प्रसंगाचें दुःख अधिक जाणवतें. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायांत मिसर देशाच्या फारो राजास स्वप्न पडलें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्यानें सात भरदार कणसें आणि सात करपलेलीं कणसें पाहिलीं. मूळ इब्रींत तेथें याच शब्दाचें अनेकवचन आहे. योसेफानें त्या स्वप्नाचा अर्थ सांगितला. सुकाळाच्या सात वर्षांत धान्य सांठविलें. आणि दुष्काळांत मिसरी लोकांचेच नव्हे, तर आपल्याशीं दुष्टपणें वागलेल्या भावांचेही प्राण वांचविले. या योसेफास दोन मुलगे होते. वडील मनश्शे आणि धाकटा एफ्राईम. गिलादाचे लोक मनश्शेच्या वंशांतले आणि पळणारे लोक एफ्राईमाच्या वंशांतले. म्हणजे उतारावर मारणारे आणि मरणारे हे दोघे सख्ख्या भावांचे वंशज होते. ज्या कणसानें त्यांच्या पूर्वजांस जगविलें, त्याच कणसाच्या नांवावर एका भावाच्या वंशानें दुसऱ्याच्या वंशाचा गळा कापला.

या शब्दाचें कुळ इब्रींतच संपत नाहीं. इब्री, अरबी, अरामी आणि प्राचीन बाबेलची अक्कडी या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत. अक्कडींत कणसाला 'शुबुल्तु' म्हणत. अरबींत त्यालाच 'सुंबुला' म्हणतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इब्रींत जेथें श असतो, तेथें अरबींत पुष्कळदां स असतो. इब्री मनुष्य 'शालोम' म्हणून शांति चिंतितो आणि अरब 'सलाम' म्हणतो. शब्द मूळचा एकच. तेव्हां गिलाद्यांच्या न्यायानें पाहिलें तर सारा अरबस्तान त्या उतारावर अडकला असता. परंतु सलाम हा चुकीचा शालोम आहे, असें कोणी शहाणा म्हणत नाहीं.

अरबी ज्योतिष्यांनीं कन्या राशीस सुंबुला हेंच नांव दिलें. कारण त्या राशीची कुमारी हातांत कणीस घेऊन उभी असल्याचें चित्र काढतात. तिच्या हातांतील तेजस्वी तारा म्हणजेच आपली चित्रा. युरोपांत या ताऱ्यास 'स्पायका' म्हणतात. तो शब्द लॅटिन असून त्याचाही अर्थ कणीसच. ज्या चित्रेवरून आपल्या चैत्र महिन्याला नांव मिळालें, तीच पश्चिमेकडे आकाशांतलें कणीस झाली. हिमालयांतील सुगंधी जटामांसीलाही युनानी वैद्य सुंबुल म्हणतात, कारण तिच्या केसाळ मुळाचा आकार कणसासारखा दिसतो.

आतां पुन्हां त्या दोन उच्चारांकडे वळूं. इब्री लिपींत श आणि स यांकरितां एकच अक्षर आहे. त्याच्या उजव्या खांद्यावर टिंब दिलें तर श, डाव्या खांद्यावर दिलें तर स. हीं टिंबें पुष्कळ शतकांनंतर, पठनांत चूक होऊं नये म्हणून, विद्वानांनीं घातलीं. मूळ ग्रंथांत तीं नव्हतीं. तेव्हां चुकीचा उच्चार कागदावर दाखविण्यासाठीं शास्ते ग्रंथाच्या लेखकानें सामेख नांवाचें निराळेंच अक्षर योजिलें. ग्रीक भाषांतरकारांची अडचण याहून मोठी होती. कारण त्यांच्या भाषेंत श हा ध्वनीच नाहीं. जुन्या ग्रीक भाषांतराच्या एका प्रतींत सरळ कणीस या अर्थाचा ग्रीक शब्द घातला आहे आणि दुसऱ्या एका प्रतींत 'परवलीचा शब्द' असें म्हणून वेळ निभावून नेली आहे. तो विद्वान् भाषांतरकार स्वतः उतारावर सांपडता, तर त्याचीही एफ्राईम्यासारखीच गत झाली असती! इ. स. ४०० च्या सुमारास जेरोम यानें लॅटिन भाषांतर केलें, तेव्हां त्यानें शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ कणीस आहे, अशी पुस्ती जोडली. आपल्या देवनागरींत श आणि स हीं दोन अक्षरें निरनिराळीं असल्यामुळें मराठी वाचकास हा भेद सहज कळतो.

इंग्रजींत हा शब्द चौदाव्या शतकांत, विक्लिफच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बायबलांतून प्रथम उतरला, आणि १६११ सालच्या राजाज्ञेच्या भाषांतरामुळें घरोघर पोंचला. सतराव्या शतकांत इंग्लंडांत धर्म आणि राज्यकारभार यांवरून तट पडले व यादवी युद्ध झालें. अशा काळीं परका कोण आणि आपला कोण हें ओळखण्याच्या खुणेस शिब्बोलेथ म्हणूं लागले. कवि मिल्टन यानें १६७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'सॅम्सन ॲगोनिस्टीज' या काव्यांत यार्देनच्या त्या संहाराचा उल्लेख केला आहे. पुढें एखाद्या पंथाच्या किंवा वर्गाच्या विशिष्ट बोलण्या-वागण्यासही हें नांव पडलें. एखादें वाक्य केवळ आपल्या गोटाची निशाणी म्हणून लोक वारंवार उच्चारूं लागले, म्हणजे त्यांतील अर्थ झिजून जातो आणि टरफल उरतें. अशा पोकळ घोषवाक्यासही शिब्बोलेथ म्हणूं लागले. आमच्या विद्यार्थ्यास अग्रलेखांत भेटला तो हा शेवटचा अर्थ. कणसांतले दाणे गळून जावे आणि भूस राहावें, तसा हा प्रकार आहे. आज विद्यापीठांच्या संगणकांवर विद्यार्थ्याची ओळख पटवून त्यास आंत घेणाऱ्या एका व्यवस्थेचेंही नांव शिब्बोलेथ आहे. द्वाररक्षकाचें काम या शब्दानें अजून सोडलेलें नाहीं.

शब्द असा रूपें बदलीत गेला. परंतु ज्या कृत्यानें त्याला प्रसिद्धि दिली, तें कृत्यही जगांत पुनःपुन्हां घडत गेलें. १२८२ सालीं सिसिली बेटांत फ्रेंच सत्तेविरुद्ध बंड झालें. त्या वेळीं संशयित मनुष्यास 'चीचिरी', म्हणजे हरभरे, हा शब्द म्हणावयास लावीत, अशी कथा तेथें परंपरेनें सांगतात. फ्रेंच मनुष्यास तो च नीट साधत नसे. १३८१ सालीं इंग्लंडांत शेतकऱ्यांचा उठाव झाला. त्यांत लंडनमधील फ्लेमिश कारागीर मारले गेले. ज्यांना 'ब्रेड अँड चीज' हे शब्द इंग्रजी वळणानें म्हणतां आले नाहींत त्यांचा शिरच्छेद झाला, असें लंडनच्या एका जुन्या बखरींत लिहिलें आहे. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यांत डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो याच्या आज्ञेनें सरहद्दीवरील हजारों हैतियन लोकांची कत्तल झाली. शिपाई कोथिंबिरीसारख्या एका भाजीची काडी दाखवून हिला काय म्हणतात असें विचारीत, व 'पेरेहिल' या स्पॅनिश शब्दांतील र ज्यास साधला नाहीं तो मरणास पात्र ठरे, असें सांगितलें जातें. तेथेंही सरहद्द म्हणून एक नदीच वाहते.

वाचकहो, या शब्दांकडे एकदां नीट पाहा. कणीस, हरभरे, भाकर आणि चीज, भाजीची काडी. हे सर्व स्वयंपाकघरांतले शब्द आहेत. असें कां व्हावें? आमच्या मतें त्याचें कारण असें. विद्वत्तेचे शब्द मनुष्य मोठेपणीं शिकतो व ते नव्या वळणानें शिकूं शकतो. परंतु भाकर, पाणी, मीठ हे शब्द आईच्या मांडीवर जिभेला लागतात आणि त्यांचें वळण सहसा सुटत नाहीं. म्हणजे ज्याला हे शब्द वेगळ्या तऱ्हेनें येतात, त्याचा अपराध एवढाच कीं त्याला दुसऱ्या आईनें भरविलें.

ही परीक्षा क्रूर तर आहेच, पण ती खोटीही आहे, हें जपानांतील एका प्रसंगावरून दिसतें. १ सप्टेंबर १९२३ रोजीं टोकियो आणि योकोहामा या शहरांस भयंकर भूकंपाचा तडाखा बसला. कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत, अशी खोटी अफवा उठली. गांवोगांवच्या टोळ्यांनीं रस्ते अडविले व येणाऱ्या-जाणाऱ्यांस 'जूगो एन, गोजिस्सेन', म्हणजे पंधरा येन पन्नास सेन, ही रक्कम मोठ्यानें म्हणावयास लाविलें. ज्यांचे उच्चार निराळे पडले ते मारले गेले; असे हजारों कोरियन बळी पडले. पुढें ६ सप्टेंबरला चिबा प्रांतांतील फुकुदा नांवाच्या गांवीं औषधें विकीत फिरणाऱ्या लोकांचा एक तांडा आला. ते दूरच्या कागावा प्रांताचे होते. त्यांची बोली त्या गांवास अपरिचित वाटली. तेवढ्यावरून संशय घेऊन गांवकऱ्यांनीं त्यांपैकीं नऊ जणांस ठार केलें. त्यांत लहान मुलेंही होतीं. ते सर्व जपानीच होते.

उतारावरचा पहारेकरी समजतो कीं आपण शत्रु ओळखीत आहों. वस्तुतः तो फक्त आपल्यापेक्षां निराळें ओळखीत असतो. आणि निराळा तर आपला भाऊही असतो.

ज्या देशांत तलवारी म्यान झाल्या तेथेंही असे उतार राहिलेच. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत शब्दारंभींचा ह गिळणाऱ्या मनुष्यास हलक्या कुळाचा समजत. त्या भीतीनें गांजलेल्या लोकांकरितां १८५४ च्या सुमारास ह या अक्षराच्या उपयोगावर एक स्वतंत्र पुस्तिका निघाली व ती पुष्कळ खपली. जेवतांना मांडीवर घ्यावयाच्या रुमालास कोण नॅपकिन म्हणतो आणि कोण सर्व्हिएट, यावरून मनुष्याचा वर्ग ओळखतां येतो, असें ॲलन रॉस या भाषापंडितानें १९५४ सालीं लिहिलें. यानें कोणाचा प्राण जात नाहीं हें खरें; परंतु नोकरी जाते, सोयरीक मोडते, मान जातो. दुसऱ्या देशांत आश्रय मागणाऱ्या लोकांचें मूळ गांव त्यांच्या बोलण्यावरून ठरविण्याचा प्रघात कांहीं सरकारांनीं पाडला. त्यांत निरपराध्यावर अन्याय होऊं नये म्हणून निरनिराळ्या देशांतील भाषाशास्त्रज्ञांनीं २००४ सालीं मुद्दाम नियम तयार केले. २००७ सालीं लंडनच्या टेट मॉडर्न या कलामंदिरांत कोलंबिया देशाच्या डोरिस साल्सेडो या शिल्पकार बाईंनीं फरसबंदी जमिनीला १६७ मीटर लांबीची भेग पाडून दाखविली व त्या कृतीस नांव दिलें शिब्बोलेथ. भेग पुढें बुजविली गेली, तरी तिचा व्रण जमिनीवर दिसत राहिला.

येथवर आम्हीं परदेशच्या गोष्टी सांगितल्या. आतां घरची एक सांगणें प्राप्त आहे; ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एका खेड्यांतून एक मुलगा आला व वसतिगृहांत राहूं लागला. पहिल्याच आठवड्यांत आम्हीं त्याला उभें करून धडा वाचावयास सांगितलें. त्यानें 'पाणी' या शब्दाचा उच्चार 'पानी' असा केला. वर्ग हंसला. आम्हीं वर्गास गप्प केलें खरें, परंतु त्या मुलास तसेंच उभें ठेवून तोच शब्द सर्वांसमोर दहा वेळां म्हणावयास लाविलें. शुद्धोच्चार शिकविणें हें आपलें कर्तव्य आहे, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. दर खेपेस त्याचा आवाज बारीक होत गेला, आणि दहाव्या खेपेचा उच्चार पहिल्यापेक्षां चांगला नव्हता.

त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानांत येऊं लागली. प्रश्नाचें उत्तर देतांना तो मुलगा पाणी म्हणावयाच्या ठिकाणीं जल म्हणे. लोण्याऐवजीं नवनीत म्हणे. कोण आलें होतें असें विचारावयाचें असल्यास वाक्य फिरवून दुसऱ्याच रीतीनें बोले. प्रथम आम्हांस वाटलें कीं याला संस्कृत शब्दांची आवड आहे. आम्हीं त्याचें कौतुकही केलें. खरा प्रकार पुष्कळ महिन्यांनंतर कळला. ण असलेला प्रत्येक शब्द तो चुकवीत होता. उतारावर पहारा आहे हें ठाऊक असल्यामुळें पळणारा मनुष्य जसा खोल पाण्यांतून पलीकडे जाऊं पाहतो, तसा तो मुलगा सारें वर्षभर बोलत होता. आणि उतारावर उभे होतों ते आम्ही होतों.

पुढें आम्हीं त्या शब्दाचें मूळ पाहिलें तेव्हां आमची मान खालीं गेली. मराठी 'पाणी' हा शब्द संस्कृत 'पानीय' यापासून आला; पानीय म्हणजे पिण्याजोगें. मूळ शब्दांत न आहे, ण नाहीं. प्राकृतांतून येतांना न चा ण झाला, आणि आम्ही शहरांतले सुशिक्षित लोक तोच शुद्ध म्हणून मिरवूं लागलों. त्या मुलाच्या घरच्या बोलींत तर न असाच ऐकूं येत होता. ज्या अक्षराबद्दल आम्हीं त्यास दहा वेळां उभें केलें, तें अक्षर त्या शब्दाच्या पणजोबाचें होतें.

याहूनही मौजेची गोष्ट पुढेंच आहे. शिब्बोलेथ याला मराठी शब्द काय? कणीस. आणि कणीस हा शब्द आला कोठून? संस्कृत 'कणिश' यापासून. अमरकोशांतही तो शब्द आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं याच वस्तूच्या नांवांत, नेमक्या याच ठिकाणीं, श सोडून स धरिला! गिलादाच्या पहारेकऱ्यानें आपल्यापैकीं कोणास संस्कृतांत प्रश्न करून कणिश म्हणावयास सांगितलें असतें, तर शाळेंतील शिक्षक, विद्यार्थी, पालक आपण सारे कणीस म्हणालों असतों आणि सारे एफ्राईमी ठरलों असतों. सासरा, ससा, साखर हे शब्दही श्वशुर, शशक, शर्करा यांतील श टाकूनच मराठी झाले. जी एके काळीं बोबडी म्हणून हिणविली गेली असेल, तीच पुढें आपली शुद्ध मायबोली झाली.

तर मग शाळेंत शुद्धोच्चार शिकवूं नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. ण आणि न, श आणि स यांतील भेद मुलांस आलाच पाहिजे. ज्याला प्रमाण भाषा येत नाहीं, त्याला उद्यां कचेरींत आणि सभेंत दुसरे लोक अडवितील. गिलादाचा पहारेकरी आणि वर्गांतील शिक्षक हे दोघेही एकच गोष्ट सांगतात : हा शब्द म्हणून दाखीव. भेद आहे तो उत्तर चुकल्यानंतरचा. पहारेकऱ्याचें काम तेथें संपतें. शिक्षकाचें तेथें सुरू होतें. ज्या वर्गांत चुकलेल्या उच्चारानंतर हंसूं येतें, तो वर्ग नसून उतार आहे. आतां असा उच्चार ऐकूं आला म्हणजे आम्ही तो शब्द फळ्यावर लिहितों, सर्व वर्गाकडून एकदम म्हणवून घेतों आणि त्याचें मूळही सांगतों. घरीं पानी म्हण, येथें पाणी म्हण, आणि दोहोंचा मान राख, एवढेंच त्या मुलास सांगणें असतें.

पालकांसही एक विनंति आहे. आमचें बोलणें गांवढळ आहे, मास्तरांसमोर कसें बोलावें, असें म्हणून आपल्यापैकीं कांहीं जण शाळेंत येण्यास संकोचतात. कृपा करून तो संकोच टाकावा. ज्या बोलींत आपण मुलास पहिला घांस भरविला, तिची लाज त्याला कधीं वाटूं देऊं नये. आणि ज्यांच्या घरीं छापील पुस्तकासारखें मराठी बोलतात, त्यांनीं आपल्या मुलांस दुसऱ्याच्या उच्चारावर हंसूं देऊं नये.

शास्ते ग्रंथ संपला म्हणजे आमच्या बायबलांत पुढें रूथ नांवाचा चार अध्यायांचा लहानसा ग्रंथ लागतो. त्यांत मवाब देशाची रूथ ही विधवा आपल्या सासूबरोबर बेथलेहेमास येते व पोटासाठीं दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेचावयास जाते. कापणीच्या मागें पडलेलीं जीं कणसें ती वेचणार, त्यांना मूळ इब्रींत तोच शब्द आहे, शिब्बोलेथ याचें अनेकवचन. ती परदेशची होती आणि वाढली होती दुसऱ्या देशांत. शेताचा धनी बवाज याच्या कानावर तिचें बोलणें पडलें. त्यानें तिला कोणताही शब्द म्हणावयास लाविलें नाहीं. तहान लागली तर पाणी पी, असें सांगितलें. जेवणाच्या वेळीं आपल्या लोकांजवळ बसविलें. आणि तिच्यासाठीं मुद्दाम कणसें टाकीत जा, असें आपल्या गड्यांस बजावलें.

कणीस तेंच. एकानें तें गळ्याशीं धरिलें, दुसऱ्यानें ओंजळींत टाकिलें. आमच्या विद्यार्थ्यानें विचारलेल्या शब्दाचा हा सर्व इतिहास आहे. उत्तर देण्यास एक वर्ष लागलें याबद्दल त्यानें आम्हांस क्षमा करावी.